बूट घेण्याआधी पाऊल ओलं करा : पुण्यात नव्याने पळणाऱ्यांसाठी

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आतापर्यंत दोनदा गेलंय. आधी काळंनिळं झालं, मग आठवडाभर ठणकलं आणि एक दिवस मोज्याबरोबर निघून आलं. दोन्ही वेळा बूट चांगले होते, महागातले होते, फक्त अर्ध्या नंबराने लहान. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊन घेतलेले, ऑफिसच्या पातळ मोज्यावर मापलेले, आणि “वापरून सैल होतील हो साहेब” या एका वाक्यावर विसंबून. सिंहगड उतरताना अंगठा पुढे आपटत राहिला आणि पायथ्याला आतकरवाडीत पोचेपर्यंत निकाल लागला होता.

हे लिहितोय ते महिना-दोन महिन्यांपूर्वी पळायला लागलेल्यांसाठी, जे आता “चांगले शूज घ्यायचेत, कुठले घेऊ?” असं ऑफिसात आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारत फिरतायत. याचं उत्तर बुटाच्या नावाने सुरू होत नाही. आधी पळता कुठे ते बघायचं, मग पाऊल कसं आहे ते, आणि दुकान त्यानंतर.

आधी दोन आठवडे जुन्यावर काढा

पळायचं ठरलं त्याच संध्याकाळी बूट आणणारे पुष्कळ असतात. त्यातले बरेचसे बूट पुढे भाजी आणायलाच झिजतात. घरात खेळाचे बरे बूट असतील तर त्यांवर एक दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटं चालत-पळत काढा. कॅनव्हासचे सपाट बूट मात्र नकोत, आणि बॅडमिंटनचेही नकोत. बॅडमिंटनचा बूट आडवं झेपावण्यासाठी बनवलेला असतो, सरळ रेषेत हजारो पावलं टाकण्यासाठी नव्हे.

या दोन आठवड्यांत तुम्हाला तीन गोष्टी कळतात : रोज खरोखर कुठे जाता, किती वेळ टिकता आणि दुसऱ्या दिवशी काय दुखतं. दुकानात पोरगा विचारतो तेव्हा ही तीन उत्तरं खिशात असली पाहिजेत, नाहीतर तो त्याला विकायचं तेच विकतो.

पळता कुठे?

पुण्यात एका आठवड्यात चार तऱ्हेच्या जमिनी पायाखाली येऊ शकतात. विद्यापीठाचा आवार किंवा रेसकोर्सच्या बाजूचे रस्ते म्हणजे डांबर. गल्ल्यांमध्ये आता जिकडेतिकडे सिमेंट. सिमेंटवर गुडघे जातात असं सगळे सांगतात, पण बुटाखाली पंचवीस-तीस मिलिमीटर फोम असताना पायाला डांबर काय आणि सिमेंट काय, दोन्ही दगडच. त्याहून त्रासदायक म्हणजे उचकटलेले पेव्हर ब्लॉक. तिथे घोटा मुरगळतो, आणि सोल जितका उंच आणि अरुंद तितका लवकर मुरगळतो. तुमच्या वाटेवर फुटपाथ जास्त असेल तर गादीसारख्या उंच बुटाच्या मोहात पडू नका, तळ रुंद असलेला घ्या.

तळजाईच्या आतल्या रुळलेल्या वाटांवर रस्त्याचा साधा बूट व्यवस्थित चालतो. वेताळ टेकडीचं तसं नाही. पावसाळा संपून गवत वाळलं की मुरूम सुटा होतो, आणि खाणीकडच्या उतारांवर चांगलाच घसारा असतो. चढताना काही वाटत नाही, उतरताना गुळगुळीत सोलवाला माणूस हात पसरून, देवाचं नाव घेत येतो. तिथे रोज जाणार असाल तर खाली तीन ते पाच मिलिमीटरचे दात असलेला ट्रेलचा, म्हणजे कच्च्या वाटांसाठीचा, बूट घ्या. आठवड्यातून एकदाच टेकडी आणि बाकी रस्ता असेल, तर उतारावर चालायचं आणि रस्त्याचाच बूट वापरायचा. दातांचा बूट डांबरावर रोज घासला की दात झिजतात आणि पैसे जातात.

सिंहगड आणि कात्रज-सिंहगडची डोंगररांग हे वेगळंच प्रकरण आहे. पावसात शेवाळलेल्या काळ्या कातळावर लांब दातही कामाचे नाहीत, तिथे रबर मऊ आणि चिकट लागतं. म्हणून सह्याद्रीतले जुने ट्रेकर महागड्या परदेशी बुटांना नाकं मुरडून वर्षानुवर्षं ॲक्शनचे साधे ट्रेकिंग शूज घालत आले. ते पळायचे बूट नव्हेत, पण ओल्या दगडावरच्या पकडीसाठी त्यांचं नाव आहे.

सणस मैदानावर किंवा बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅकवर जाणार असाल, तर नव्या माणसाने स्पाइक्सचा, म्हणजे खाली खिळे असलेल्या बुटांचा, विचारही करू नये. तुमचा नेहमीचा बूट पुरे.

ओल्या पायाचा ठसा

आता पाऊल. बादलीत पाय बुडवा आणि शहाबादी फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर नेहमीसारखं एक पाऊल टाका. टाच आणि चवडा यांच्यामध्ये बाहेरच्या कडेने पट्टी उमटली आणि आतली बाजू कोरडी राहिली, तर कमान मध्यम. पट्टी अगदी बारीक असेल किंवा नसेलच, तर कमान उंच. आख्खं पाऊल भाकरीसारखं उमटलं तर सपाट. दोन्ही पायांचे ठसे घ्या, बऱ्याच जणांचे सारखे नसतात.

इथे बहुतेक जण घाबरतात, कारण पुढचं वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं : सपाट पाय म्हणजे पाऊल आत कलतं, म्हणजे आधाराचा खास बूट हवा. मलाही एका दुकानात ट्रेडमिलवर दोन मिनिटं पळवून, मागून व्हिडिओ काढून, घोट्यावर लाल रेघ मारून दाखवली होती. रेघ तिरकी होती खरी. पण पाऊल टेकल्यावर थोडं आत कलणं हा धक्का जिरवण्याचा शरीराचा स्वतःचा मार्ग आहे, ते सगळ्यांचंच कलतं. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन कोअरच्या रंगरुटांवर २००९-१० च्या सुमारास तीन मोठे अभ्यास झाले. एका गटाला कमान बघून बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच जातीचे. दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी पुढे २०१५ मध्ये मांडलं की बूट निवडताना धावणाऱ्याला स्वतःला वाटणारा आराम हीच चांगली कसोटी आहे. माझा अनुभवही तोच.

मग ठसा घ्यायचा कशाला? कारण त्यात तुमच्या पावलाची रुंदी दिसते, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथे आहे. चपला-सँडलमध्ये मोकळी वाढलेली पावलं चवड्याशी पसरट असतात आणि बाहेरून येणारे बरेच बूट अरुंद साच्यावर बेतलेले असतात. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांबरोबर मी बूट घ्यायला गेलो होतो. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, पाय आत जातोय ना?” काका म्हणाले, “जातोय रे, पण करंगळी बाहेर यायला बघतेय.” त्यांनी आयुष्यभर एक नंबर मोठा बूट घालून वेळ मारून नेली होती. मोठा नंबर लांबीला वाढतो, मग टाच मागे उचलली जाते आणि फोड येतात. त्यांना हवी होती रुंदी. पुरुषांच्या बुटात ‘डी’ ही साधारण रुंदी, ‘टू-ई’ म्हणजे रुंद आणि ‘फोर-ई’ म्हणजे आणखी रुंद. बायकांमध्ये ‘बी’ साधारण आणि ‘डी’ रुंद. न्यू बॅलन्स, आसिक्स, ब्रुक्स यांची काही मॉडेलं रुंद साच्यात मिळतात, पण ती मागावी लागतात, आपणहून कोणी दाखवत नाही. बायकांच्या मॉडेलमध्ये पाऊल आवळत असेल तर पुरुषांचं मॉडेल त्याच लांबीत बघायला काहीच हरकत नाही. रंग तेवढा काळा-निळा मिळेल.

दोन अपवाद. पळताना किंवा सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच सतत दुखत असेल, तर बूट बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. बूट चावतोय हे अशा पायाला कळतच नाही, रात्री मोजा काढल्यावर दिसतं.

दुकानात

संध्याकाळी जा. दिवसभरात पाय फुगतो आणि पळताना आणखी फुगतो. पळायला जे मोजे घालणार तेच घेऊन जा. उभं राहून दोन्ही पाय मोजून घ्या आणि मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्या.

नंबरावर विश्वास ठेवू नका. खोक्यावर यूके, यूएस, ईयू आणि सेंटिमीटर अशी चार मापं असतात, आणि कंपन्यांचं आपसात जमत नाही. आदिदासचा यूके ८ म्हणजे यूएस साडेआठ, नाइकेचा यूके ८ म्हणजे यूएस ९. यूकेच्या एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे अर्धा नंबर चारेक मिलिमीटर. माझं नख एवढ्याशा फरकाने गेलं.

आता बूट घालून नाड्या बांधा आणि उभे राहा. बसून बघू नका, वजन पडलं की पाऊल लांब होतं. सगळ्यात लांब बोट आणि बुटाचं टोक यांच्यात हाताच्या अंगठ्याची रुंदी मावली पाहिजे. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं शेजारचं बोट लांब असतं. पुढे बोटं पियानो वाजवल्यासारखी हलली पाहिजेत. मधे नाडीखाली पकड घट्ट, पण नस दाबणारी नको. टाच उचलून बघा, ती आत सरकता कामा नये.

आणखी एक तपासणी : आतला सुटा सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट कितीही सुंदर असो, परत खोक्यात. बूट हातात धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. मग दुकानाबाहेर चार फेऱ्या मारा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा, लक्ष्मी रोडपासून हिंजवडीपर्यंत दुकानांना तोटा नाही. “थोडं चावतंय, पण होईल सैल” हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं की समजा, बूट तुमचा नाही. चामड्याचा जोडा वापरून सैल होतो, जाळीचा बूट पहिल्या दिवशी असतो तसाच शेवटपर्यंत राहतो.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या जोडीसाठी डेकॅथलॉनचा साधा पळायचा बूट किंवा मोठ्या कंपनीचं मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या. नवं मॉडेल आलं की जुन्यावर घसघशीत सूट लागते आणि फरक बहुतेक वेळा रंगाचा नि जाळीच्या विणीचा असतो. रस्त्यावरची ‘फर्स्ट कॉपी’ मिरवायला घ्या, पळायला नको. वरचा छाप अस्सल दिसतो, आतला फोम पुठ्ठ्यासारखा असतो.

खोक्यावर नसणारे आकडे

विक्रेता ‘ड्रॉप’ म्हणेल. टाच चवड्यापेक्षा किती मिलिमीटर उंच आहे तो आकडा. आठ ते दहा नेहमीचा. चार किंवा शून्य असेल तर पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर भार जास्त, दहाच्या वर गेलं तर गुडघ्यावर. वर्षानुवर्षं टाचेच्या बुटात ऑफिसला जाणाऱ्याने एकदम शून्यावर उडी मारली की चौथ्या दिवशी जिना उतरताना कळतं.

कोणीतरी हमखास सांगेल की अनवाणी पळणंच नैसर्गिक, इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकला होता. खरं आहे, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, बूट घालून, तीन मिनिटं लवकर. दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

कुठल्या पळण्याला कुठला बूट

आठवड्यात तीन-चार दिवस आरामात पळणाऱ्याला एकच जोडी पुरते, तिला दुकानात ‘डेली ट्रेनर’ म्हणतात. ना फार मऊ, ना फार कडक, खाली चांगलं रबर. पहिलं वर्ष हीच. १० किलोमीटरची पहिली शर्यतही हिच्यावरच पळा.

आठवड्याचं पळणं वाढून रविवारी तास-दीड तास व्हायला लागलं की दुसरी जोडी सुचते. ती थोडी जास्त फोमची घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक वाळत असते तेव्हा दुसरी पायात असते. वेगाच्या सरावासाठी हलका, थोडा कडक बूट असतो, पण तो ज्याचा पाय रोजच्या पळण्याला सरावला आहे त्याच्यासाठी.

राहिले कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलच्या फोममध्ये कार्बनची कडक पट्टी बसवलेले बूट. २०१७ मध्ये नाइकेने व्हेपरफ्लाय बाजारात आणला आणि मग सगळ्यांनीच तसले काढले. वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेला २०२० मध्ये नियम करावा लागला की रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि प्लेट एकच. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते, तिथे आता साध्या हौशी लोकांच्या पायातही हे दिसतात. वेगात पळणाऱ्याला त्यांचा फायदा होतो यात शंका नाही. पण ते उंच आणि डळमळीत असतात, लवकर झिजतात आणि किंमत वीस हजारांच्या घरात जाते. किलोमीटरला आठ मिनिटं लागणाऱ्याने ते घेऊन सारसबागेला चकरा मारणं म्हणजे बोहल्यावरची शेरवानी घालून दळण आणायला जाणं.

नाड्या, मोजे आणि पाऊस

बुटाला सगळ्यात वर, थोडं मागे, एक जादा भोक असतं. बहुतेकांना वाटतं ते शोभेचं आहे. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते. टेकडी उतरताना अंगठा पुढे जायचा थांबतो. हे मला नख दुसऱ्यांदा जाण्याआधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली त्वचा घासून फोड येतात. पॉलिएस्टरचे किंवा नायलॉनचे, पळण्यासाठीचे घ्या. नखं वेळच्या वेळी सरळ कापा.

जून ते सप्टेंबर बूट ओले होणारच. घरी आल्यावर नाड्या सैल करा, आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ, गीझरवर किंवा कडक उन्हात नको, चिकटवलेलं सुटतं. वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच टाकू नका.

नवी जोडी शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी घरात, मग तीन किलोमीटर, मग पाच.

किती दिवस चालतात?

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. आठवड्याला पंधरा किलोमीटर पळणाऱ्याला म्हणजे आठ महिने ते वर्ष. माणूस जड असेल, रस्ता खडबडीत असेल तर लवकर. घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, कारण आपल्याला नेहमी “आत्ता तर घेतले” असंच वाटतं. टाचेची बाहेरची कड आधी झिजते, ते बहुतेकांचं होतं, त्यात काळजीचं काही नाही. पण बूट टेबलावर ठेवून मागून बघितल्यावर तो एका बाजूला कललेला दिसला, फोमवर आडव्या सुरकुत्या पडून राहिल्या, किंवा काहीही न बदलता नडगी दुखायला लागली, की त्याची पळण्याची नोकरी संपली. तो धडधाकट दिसतो म्हणून पळायला दुसऱ्या कोणाला देऊ नका. मंडईत जायला, पर्वतीवर पाहुणे न्यायला तो अजून दोन वर्षं चालेल.

माझी मागची जोडी सध्या बाल्कनीत असते, झाडांना पाणी घालायला. करंगळीजवळ जाळीला भोक पडलंय, त्यातून पाणी आत येतं आणि तिथूनच बाहेर जातं.